मामा, टीटी फॉर्मवरची सही म्हणजे मालकी नव्हे

परवा रात्री मामांनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. ‘जुनी गाडी घेताय? शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत अशा ८ गोष्टी!’ शेवटी जोडलेले हात आणि ‘३० वर्षांच्या अनुभवी मिस्त्रीकडून’. मिस्त्रीला नाव नाही, गाव नाही. हाच मेसेज याआधी मला तीनदा आला होता, तिन्ही वेळा मी पुढे सरकलो. या वेळी सरकता येत नाही, कारण माझी मिरजेची मावसबहीण आयुष्यातली पहिली गाडी घेतेय. २०१३ ची आय-टेन, १.१ लिटरची, व्यवहार दोन लाखांच्या आसपास. काल तिचा फोन आला, ‘दादा, नावावर करायची घाई करू नको म्हणतात. एजंटाचे पैसे वाचतील.’

म्हणून आधी मुद्दा क्रमांक चार. बाकीचे सात थांबू शकतात.

मेसेज म्हणतो: ‘विकणाऱ्याकडून टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवा. गाडी लगेच नावावर करू नका. पुढे विकाल तेव्हा थेट पुढच्याच्या नावावर करा. ट्रान्सफरचा खर्च वाचतो, मालकांची संख्याही वाढत नाही.’

टीटी फॉर्म म्हणजे गाडीची मालकी बदलण्याचे आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. हा सल्ला आमच्या घरात एकदा पाळून झालाय. बाबांनी २०१७ साली जुनी सँट्रो एका डीलरला दिली. नाव लिहीत नाही, दुकान आता तिथे नाही. ‘काका, आठ दिवसांत ट्रान्सफर करून टाकतो,’ म्हणाला. बाबांनी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, चहा घेतला, घरी आले. चार वर्षांनी त्यांच्या मोबाइलवर चलान आलं, एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादा ओलांडल्याचं. तेव्हा बाबा मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यावर पट्टी लावून घरात बसले होते. चलानातला फोटो मोठा करून पाहिला, तर मागच्या दारावर आमच्याच गेटने घातलेला पोचा. शोध घेतला तेव्हा गाडी तिसऱ्या माणसाकडे निघाली. त्याच्याकडे काय होतं? बाबांच्या सहीच्या फॉर्मची झेरॉक्स. आम्ही हजार रुपयांच्या चलानावर सुटलो. त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर?

हे ‘तर’ मी कल्पनेने रंगवत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आहे, न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेला. २००९ मध्ये एका गावातल्या रस्त्यावर रिव्हर्स येणाऱ्या मारुती ८०० ने दोघांना धडक दिली. त्यातला एक जागीच गेला, बरोबरची बाई जखमी झाली. मूळ मालकाचं म्हणणं होतं की मी गाडी २००७ सालीच विकली, कागद दिले, ताबा दिला. गाडी त्यानंतर एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली. आरटीओच्या दप्तरात मात्र नाव त्याचंच. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरायचं नसतं, असा त्यामागचा विचार.

यावर बहिणीचा प्रश्न रास्त होता. ‘पण यात फास विकणाऱ्याला. मला काय?’ तर ऐक. थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, गाडीबरोबर तुझ्याकडे येतो, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. गाडी झाडावर आदळली किंवा चोरीला गेली तर कंपनी विचारणार, गाडी कुणाची? उत्तर तुझं नाव नसेल तर दावा अडकला. उद्या विकणारे काका वारले, तर वारसांच्या सह्यांसाठी तू त्यांच्या दारात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेची एनओसी आणायला त्यांनाच शोधत फिरणार. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असं कलम ५० मध्ये राज्यातल्या राज्यातल्या व्यवहारासाठी लिहिलेलंच आहे. सरकारी फी काही शे रुपयांची. खरा खर्च एजंटाचा, आणि तोही दोन लाखांच्या गाडीपुढे किती? हो, विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तुला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. प्रीमियमचा हिशोब तो वजा धरून करू नकोस.

आता दुसरा मुद्दा, ‘मुंबई-कोकणची गाडी नको, घाटावरची डोळे झाकून घ्या.’ अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. खाऱ्या हवेने गाडीचा तळ गंजतो. किनाऱ्यावरची गाडी उचलून बघितल्याशिवाय मीही घेणार नाही. पण ‘घाटावरची डोळे झाकून’ हे सांगली-मिरजेच्या माणसाने दुसऱ्या सांगली-मिरजेच्या माणसाला पाठवावं? मामा, २०१९ चा ऑगस्ट विसरलात? आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा पार्किंगमध्ये बुडालेल्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. त्यातल्या काही धुऊन, वास घालवून, नवी सीट कव्हरं चढवून बाजारात आल्या असणारच. २०१३ ची आय-टेन त्या वेळी सहा वर्षांची होती. ती कुठे उभी होती, हे विकणाऱ्याला सरळ विचारायचं. आणि उत्तरावर थांबायचं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. आत गुंडाळून राहणारा पट्टा सहसा कुणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे सापडते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघायचे, गालिचा उचलून खाली हात लावायचा, डिकीतली स्टेपनी काढून खळग्यात डोकावायचं.

पाचवा आणि सहावा मुद्दा वाचून मात्र हसू नाही, चीड आली. पाचवा: ‘ऑइल बदलण्याआधी इंजिनात लिटरभर डिझेल घालून दहा मिनिटं चालू ठेवा, इंजिन आतून चकाचक.’ इंजिनाच्या बेअरिंगवर ऑइलचा जो पातळ थर असतो, त्यावरच ते जिवंत असतं. डिझेल तो थर पातळ करतं. वर जुना गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला की ऑइलचं प्रेशर पडलं. जुनं, दुर्लक्षित इंजिन असेल तर चांगलं ऑइल घालून नेहमीच्या निम्म्या अंतरावर एकदा-दोनदा बदलायचं. हळूहळू साफ होतं. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हाही त्यातलाच गैरसमज. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

सहावा: ‘आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून टाका. कूलंट हा धंदा, साधं पाणी घाला.’ इंजिन ८०-९० अंशांच्या दरम्यान नीट चालतं. त्याखाली पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपेचा दरवाजा म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की, विशेषतः हायवेवर, इंजिन गरमच होत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मग मिस्त्री म्हणतो, जुनी गाडी, खाणारच. साध्या पाण्याचं काय होतं ते बोअरच्या पाण्याने भरलेल्या कुठल्याही रेडिएटरचं झाकण उघडून बघा (गार इंजिनावर, मामा, गरमवर नको): विटकरी रंगाचा चिखल. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही. त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो आणि ॲल्युमिनियमचं हेड गंजत नाही.

बाकीचं पटकन. पहिला मुद्दा, ५० हजार किलोमीटरच्या आत चाललेलीच घ्या. मीटर मागे फिरवणारे गल्लोगल्ली आहेत. आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघायचा आणि ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर बघायचं. टायरच्या कडेला कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक टायर कधी बनला ते सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांत तीस हजार चाललेली गाडी म्हणजे उभी राहून कडक झालेली रबरंही असू शकतात.

तिसरा, १५ वर्षांनी गाडी भंगारात. दिल्लीचा नियम महाराष्ट्राला लावलाय. आपल्याकडे फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. सातवा, विकताना तोटा झाला तरी १८ टक्के जीएसटी. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाल्यावर उडालेली ही आवई. कर नोंदणीकृत विक्रेत्याने भरायचा, तोही त्याच्या नफ्यावर. तू उद्या तुझी गाडी शेजाऱ्याला विकलीस तर तुझा त्याच्याशी संबंध नाही.

आठवा: ‘फक्त ऑइल वेळेवर बदला, बाकी सगळं कंपनीचं पैसे काढणं.’ यातलं पहिलं अर्धं मी फ्रेम करून लावायला तयार आहे. दुसरं अर्धं तुझ्याच गाडीला मारू शकतं. आय-टेनच्याच १.२ लिटरच्या कप्पा इंजिनाला टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) आहे, पण तू घेतेस त्या १.१ ला त्या जागी बेल्ट आहे. रबराचा बेल्ट किलोमीटरनेही संपतो आणि वयानेही, आणि तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही. बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर तो बदललेला नाही असं धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगायचे.

रविवारी मी मिरजेला येतोय. त्या काकांना फोन करून सांग, सकाळी आठला येऊ आणि तोवर गाडीला चावी लावू नका. गार इंजिन सुरू करतानाच त्याचे दोष कळतात, म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघणार आहे. गरम लागलं तर तिथूनच परत.