टॉम विल्स आणि मार्नग्रूक: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या (चेंडू लाथेने मारून तसेच हातांनी झेलून खेळल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियातील फुटबॉलच्या) जन्माविषयी एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो. टॉम विल्स या गोऱ्या मुलाने लहानपणी आदिवासींचा मार्नग्रूक हा खेळ पाहिला, त्यावरून एकट्याने नवा खेळ रचला, ७ ऑगस्ट १८५८ रोजी मेलबर्नमध्ये त्याचा पहिला सामना घडवून आणला आणि पुढे तो आदिवासींचा क्रिकेट संघ घेऊन इंग्लंडला गेला, असे त्यात म्हटलेले असते. यातील प्रत्येक विधानात तथ्याचा अंश आहे आणि तपासणी टळते ती त्यामुळेच.

मार्नग्रूकचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. विल्सचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया भागातील ग्रॅम्पियन्स डोंगरांजवळ, जाब वुरुंग या आदिवासी लोकांच्या प्रदेशात गेले आणि त्यांची भाषा व गाणी तो शिकला, याविषयी वाद नाही. पॉसम या झाडावर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या कातड्याचा चेंडू लाथेने उंच उडवून झेलण्याचे खेळ त्या भागातील आदिवासी खेळत, हेही जेम्स डॉसन या गोऱ्या वसाहतकारासारख्यांच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदींवरून दिसते. मात्र विल्सच्या उपलब्ध पत्रांत मार्नग्रूकचा उल्लेख नाही आणि नियम ठरवणाऱ्यांपुढे होत्या त्या रग्बी, ईटन, हॅरो व विंचेस्टर या इंग्रजी शाळांच्या नियमावल्या. चेंडू थेट झेलणाऱ्याला मोकळी लाथ मारू देण्याची तरतूद रग्बी शाळेच्या नियमांतही होती. मार्नग्रूकशी असलेल्या दुव्याचा पुरावा म्हणून ज्या उंच उड्या मारून घेतलेल्या झेलांकडे बोट दाखवले जाते, ते सुरुवातीच्या वर्षांत या खेळाचे वैशिष्ट्य नव्हतेच. तेव्हा खेळ बराचसा जमिनीलगतच्या झोंबाझोंबीचा होता. वसाहतीतील गोऱ्यांनी आदिवासींचे ऋण लिहून ठेवण्याची तसदी क्वचितच घेतली, हे मान्य करूनही ‘प्रभाव असू शकेल’ इतकेच म्हणता येते. ‘त्यावरूनच खेळ रचला’ हे त्यातून निघत नाही.

‘एकट्याने’ हा शब्द तर नोंदींशी सरळ विसंगत आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर तयार राहावे म्हणून फुटबॉल क्लब काढावा, असे पत्र विल्सने जुलै १८५८ मध्ये वृत्तपत्राला लिहिले, हे श्रेय त्याचेच. पण मेलबर्न फुटबॉल क्लबचे दहा नियम १७ मे १८५९ रोजी ठरले तेव्हा त्याच्यासोबत क्लबचे हॅमर्सली, थॉम्पसन व स्मिथ होते. रग्बी शाळेत शिकलेल्या विल्सचा ओढा तेथील नियमांकडे होता, तर त्याच्या सोबत्यांना ते गुंतागुंतीचे वाटत. म्हणजे अंतिम नियमावलीत त्याची इच्छा काही अंशी बाजूलाच पडली. मेलबर्न क्रिकेट मैदानाबाहेरील त्याच्या पुतळ्याखालचा मजकूरही त्याला नियमांचा सहलेखक म्हणतो.

७ ऑगस्टचा सामना स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांमध्ये, प्रत्येकी सुमारे ४० मुलांनिशी झाला. विल्स त्यात खेळाडू नव्हता, दोन पंचांपैकी एक होता. दुसरे पंच रसायनशास्त्रज्ञ जॉन मॅकॅडम, ज्यांच्या नावावरून मॅकॅडेमिया या कवचफळाला नाव मिळाले. लेखी नियम नऊ महिन्यांनंतरचे असल्याने हा सामना त्या नियमांनी झालेला असणे शक्य नाही. शिवाय तो त्या दिवशी संपलाही नाही: आणखी दोन शनिवारी खेळूनही एक-एक गोलची बरोबरी राहिली.

इंग्लंडच्या दौऱ्याबाबत उत्तर थोडक्यात देता येते. १८६८ च्या त्या संघाचे नेतृत्व चार्ल्स लॉरेन्सने केले, विल्स त्यात नव्हता. त्याने आदिवासी खेळाडूंना शिकवले आणि १८६६ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नच्या मैदानावर त्यांचे नेतृत्व केले. ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलँडमधील कलिन-ला-रिंगो येथे आदिवासींच्या हल्ल्यात त्याच्या वडिलांसह १९ जण मारले गेले होते आणि सामान आणायला गेल्यामुळे तो स्वतः वाचला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी त्याने हे काम पत्करले.