डोंगर जाळून आमरी फुलत नाही

पावसाळा जवळ आला की मुंबईतल्या ट्रेकच्या आणि बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: 'जमिनीवर उगवणारी ऑर्किड (आमरी) आगीनंतरच फुलतात. डोंगरावरचं सुकं गवत जाळा, आमरी दुपटीने येईल. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान दिसलं की तीच ती. कंद काढून कुंडीत लावा आणि वर राख टाका.'

'आगीनंतरच फुलतात.' हे खरं आहे, पण दुसऱ्या देशातल्या झाडाबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात पायरॉर्किस निग्रिकन्स नावाची आमरी आहे. तिच्या नावातच आग आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि आगी उन्हाळ्यात लागतात. तेव्हा तिचा कंद मातीखाली सुप्त असतो. आगीनंतरच्या वसंतात ती भरभरून फुलते, एरवी बहुतेक वर्षं नुसतं पान काढून थांबते. धुरातला एथिलीन वायू, वरची सावली हटणं आणि राखेतलं पोषण ही त्यामागची कारणं मानली जातात.

'दुपटीने येईल.' आपल्याकडच्या हबेनारिया, नर्विलिया, जिओडोरम या जमिनीवरच्या आमरींना आगीची गरज नाही. पाऊस लागला की दरवर्षी फुलतात. त्यांचे कंदही उन्हाळ्यात सुप्तच असतात, त्यामुळे गवताची झरझर पुढे सरकणारी आग कंदांना मारत नाही, हे मान्य. पण जळक्या उतारावर आमरी जास्त दिसते ती झाकणारं गवत उरलेलं नसतं म्हणून. जास्त दिसली म्हणजे जास्त फुलली असं नाही.

नुकसान मात्र खरं आहे. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा नसतो. रुजायला त्याला ठरावीक बुरशीची साथ लागते, आणि ती बुरशी वरच्या मातीत आणि पालापाचोळ्यात राहते. तो थर जळाला की जुने कंद टिकले तरी नवी रोपं येत नाहीत. शिवाय जांभ्यावरची माती मुळात पातळ. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या उघड्या उतारावरून ती पहिल्याच सरींत वाहून जाते. झाडांवरच्या आमरींना तर सुटकाच नाही. डेंड्रोबियम बार्बाटुलम फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन वणव्याच्या दिवसांत, बिनपानांच्या कांड्यांवर फुललेली असते. आणि राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

'एकच गोल पान म्हणजे तीच.' पायरॉर्किस इथे उगवत नाही. इथे जमिनीला टेकलेलं गोलसर पान बहुधा हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं असतं. जून-जुलैत पान आणि पांढरी फुलं एकाच वेळी दिसतात, फुलाची ओठपाकळी (खालची वेगळी पाकळी) तीन भागांत चिरलेली असते आणि मागे लांब नळीसारखी शेपटी लोंबते. नर्विलियाचं फूल आधी येऊन जातं, हृदयाच्या आकाराचं पान नंतर निघतं. पायरॉर्किसच्या फुलाला शेपटी नसते. पांढऱ्यावर लाल-जांभळ्या रेघा असतात, वर गडद टोपी असते, आणि झाड वाळलं की काळं पडतं.

'कंद काढा, राख टाका.' दोन्ही चुकीचं. हबेनारियाचा जुना कंद आक्रसत असताना शेजारी पुढच्या वर्षीचा तयार होत असतो. फुलात असताना उपटलं तर दोन्ही जातात. राख अल्कधर्मी असते. कुंडीतल्या थोड्याशा मिश्रणात मूठभर राखेनेही क्षार वाढून मुळं करपतात.

लावायचीच असेल तर नर्सरीत वाढवलेल्या हबेनारियाचा कंद घ्या. १५ सेंटीमीटरची, तळाला भरपूर भोकं असलेली कुंडी पुरते. मिश्रणात दोन भाग जाड रेती किंवा बारीक जांभा खडी, एक भाग कुजलेला पाला, एक भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कंद तीन-चार सेंटीमीटर खोल, डोळा वर करून ठेवा. कोंब दिसेपर्यंत मिश्रण जेमतेम ओलसर ठेवा, मग नियमित पाणी द्या. जुलैत कुंडी छज्ज्याखाली घ्या, थेट धारेत कंद कुजतो. वाढीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग खत बास. पान पिवळं पडू लागलं की पाणी हळूहळू तोडा आणि पान पूर्ण सुकल्यावर कुंडी पुढच्या कोंबापर्यंत कोरडी, सावलीत ठेवा. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ मात्र नको.

सर्वाधिक कंद याच सुप्त काळात मरतात. कुंडी रिकामी दिसते म्हणून कुणीतरी रोज पाणी घालतं, आणि मे महिन्यात उकरल्यावर हाताला मऊ, वास मारणारा लगदा लागतो. जूनमध्ये कोंब रातोरात गायब झाला तर बहुधा गोगलगाय असते. रात्री टॉर्च घेऊन कुंडीचा काठ आणि तळ तपासा.