टीव्हीवर दिसायचे २१,००० रुपये?

परवा धाकट्या बहिणीनं साताऱ्याहून एक मेसेज पाठवला. खाली तिचा प्रश्न: ‘दादा, छोटीसाठी भरू का?’ मेसेज साधारण असा: टीव्हीच्या जाहिरातींसाठी ४ ते ६० वयाचे चेहरे हवेत. अनुभव नको. दिवसाला ५० हजारांपर्यंत कमाई. गोरा रंग, चांगली उंची असल्यास प्राधान्य. पोर्टफोलिओ आणि ‘आर्टिस्ट कार्ड’ बंधनकारक, दोन्हीचे मिळून २१,००० रुपये. कोऑर्डिनेटरशिवाय ऑडिशन मिळत नाही. आणि जाहिरात जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा पैसे.

मी अकरा वर्षं जाहिरातींत कुणाचा तरी बाप, किराणा दुकानदार नाहीतर बँकेतला साहेब असतो. लोकांना चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, नाव कुणालाच ठाऊक नसतं. बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला.

आधी पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडिओत काढलेल्या फोटोंचा अल्बम. माझी ऑडिशनची वाट अशी: डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं वर्सोवा, मग रिक्षानं आराम नगर. बैठ्या घरांची वस्ती, दर दोन दारांआड एक कास्टिंग ऑफिस, म्हणजे कलाकार निवडणाऱ्यांचं. दाराशी एक पोरगा उभा असतो. तो वरून खाली बघतो आणि ‘नॉट फिट’ म्हणतो, की झालं, परतीची रिक्षा. आत घेतलंच तर पांढऱ्या भिंतीपुढे उभं करतात. नाव, वय, उंची सांगायची. लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल. मग दोन्ही हात पुढून-मागून दाखवायचे. मग विचारतात, ‘सर, कॉन्फ्लिक्ट?’ म्हणजे याच प्रकारच्या मालाची दुसरी जाहिरात सध्या चालू आहे का. मग सीन. बिस्किटाच्या जाहिरातीला बिस्किट नसतं. मी एकदा घडी घातलेलं मेट्रोचं तिकीट चहात बुडवून खाल्ल्याचा अभिनय केलाय, चहाही नव्हताच. या सगळ्यात अल्बम कुणी मागितला नाही, एकदाही नाही. त्यांना तुमचा आजचा चेहरा बघायचा असतो. खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता काढलेले मोबाइलचे तीन-चार फोटो आणि मिनिटभराचा इंट्रो व्हिडिओ यावर सुरुवात होते. फॅशनचं मॉडेलिंग वेगळं, तिथे पोर्टफोलिओ लागतो. पण तो फोटोग्राफर आपण निवडायचा. काम देणाऱ्यानंच फोटोंचे पैसे मागितले तर त्याचा धंदा फोटोंचा आहे.

‘आर्टिस्ट कार्ड’ नावाचा सरकारी परवाना अस्तित्वात नाही. सिंटा ही कलाकारांची संघटना १९५८ पासूनची आहे. तिचं सभासदत्व असतं आणि सभासदांना ओळखपत्र मिळतं. पैसे अडकले, वाद झाला तर तिचा आधार होतो, म्हणून काम करणाऱ्यानं घ्यावं. पण ते संघटनेकडूनच मिळतं, व्हॉट्सअपवरच्या नंबराला पैसे पाठवून नव्हे. माझ्याकडे ते नव्हतं तेव्हाही मी जाहिराती केल्या.

गोऱ्या रंगाचं मात्र ‘साफ खोटं’ म्हणून उडवून लावता येत नाही. रंगामुळे माणूस कमी ठरतो असं जाहिरातीत दाखवू नये, हा नियम जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेनं २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये तर फेअर अँड लव्हलीचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. तरी मला अजून ऐकू येतं, ‘सर, छान केलंत, पण क्लायंटला थोडं अपमार्केट हवंय.’ अपमार्केट म्हणजे काय ते तुम्हीही ओळखलंत. पण त्याच गल्लीत पलीकडच्या दाराशी सिमेंटच्या जाहिरातीसाठी रापलेला मुकादम शोधत असतात, आणि तिथे उंच-गोरा ‘नॉट फिट’ होतो. जाहिरातीला गिऱ्हाईकासारखी दिसणारी माणसं लागतात. गिऱ्हाईक काय एकाच साच्यातलं असतं?

कोऑर्डिनेटर म्हणजे कलाकार आणि काम यांच्यामधला मध्यस्थ. त्याच्याबद्दलचं निम्मं खरं. मोठ्या कामांचे निरोप बऱ्याचदा त्यांच्याकडूनच येतात. पण आता कास्टिंगवाले ‘४५ ते ५५, वडील, मराठी बोलणारे’ असे निरोप इन्स्टाग्रामवर आणि ग्रुपवर उघड टाकतात, आणि लॉकडाउनपासून घरूनच सेल्फ टेस्ट, म्हणजे स्वतःच शूट केलेली ऑडिशन, पाठवायची पद्धत रुळली आहे. शिवाय खरा कोऑर्डिनेटर आपलं कमिशन मिळालेल्या मानधनातून कापून घेतो, आगाऊ मागत नाही.

आता ते ५० हजार. माझं गेल्या वर्षीचं सर्वांत मोठं काम ६०,००० चं होतं. कोऑर्डिनेटरचे २० टक्के म्हणजे १२,००० गेले, टीडीएस १० टक्के म्हणजे ६,०००. हातात ४२,०००, तेही शूटिंगनंतर ९७ दिवसांनी. त्या वर्षी साठेक ऑडिशन दिल्या, लॉक झालो, म्हणजे निवडला गेलो, तीनदा. ऑडिशनचे पैसे मिळत नाहीत, रिक्षाचेही नाहीत. एकदा तर तारीख अडवून ठेवली, कॉस्च्युम ट्रायल झाली आणि आदल्या रात्री कळलं की क्लायंटला दुसरा बाप आवडला.

‘जितक्या वेळा लागेल तितके पैसे’ हे बहुधा अमेरिकेतून उडत आलं असावं. तिथल्या युनियनच्या करारात तशी सोय आहे. आपल्याकडे साधारणपणे एकरकमी मानधन ठरतं आणि त्यासोबत वापराची मुदत: एक वर्ष की दोन, फक्त टीव्ही की डिजिटल आणि होर्डिंगसुद्धा. त्या मुदतीत जाहिरात दिवसातून एकदा लागो की चाळीसदा, रक्कम तीच. म्हणून भांडायचं ते मुदतीवर, आणि सही करण्याआधी. मी एकदा न वाचताच सही केली. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ असं लिहिलेलं नंतर दिसलं. त्या जाहिरातीत मी अजूनही तरुण आहे.

राहिली भाची. मुलांसाठी मेसेजमध्ये फक्त ‘पालकांनी त्वरा करावी’ एवढंच होतं. खरं तर बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम इथे लागू होतात: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेवीत. परवानगी काढायची जबाबदारी निर्मात्याची. बहिणीला म्हटलं, ‘त्या नंबरला फोन लाव आणि परवानगी कोण काढणार एवढंच विचार.’ तिनं विचारलं. ‘मॅडम, आधी रजिस्ट्रेशन करा,’ असं उत्तर आलं.

पैसे भरले नाहीत. बहिणीला अंगणात दोन फोटो काढायला सांगितलेत. छोटीचे पुढचे दोन दात पडलेत, म्हणून ‘येईपर्यंत थांबू का?’ असं विचारत होती. मी म्हटलं, आत्ताच काढ.