मिस्त्रीसमोर शहाणी

भर दुपारी स्कूटर ढकलत निघालेल्या माणसाला कोल्हापुरात कुणी एकटं सोडत नाही. राजारामपुरीतून उद्यमनगरात जाईपर्यंत आठ जणांनी मला "पेट्रोल संपलं काय?" म्हणून विचारलं, तिघांनी "पाय लावू काय?" म्हणत आपली गाडी मागे आणली, आणि एका आजोबांनी "चालू द्या, व्यायाम होतोय" एवढाच धीर दिला. मिस्त्रीमामांच्या गॅरेजला पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळायला आला होता. मामांनी हातातला पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, किल्ली लावली आणि बटण दाबलं.

पहिल्या सेल्फला चालू.

"काय झालंय हिला?" मामांनी विचारलं. प्रश्न स्कूटरबद्दल होता, पण बघत माझ्याकडे होते.

हे असं एकदा नाही, पाच महिने चाललं होतं. गाडी सरळ बंद पडली असती तर मी काही बोललो नसतो. आमची रोज चालू व्हायची, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी, शक्यतो मला बँकेत उशीर झालेला असताना, सेल्फ नाही, किक नाही, हूं नाही की चूं नाही. कधी कधी तर चालता चालताच उचकी लागल्यासारखा एक आचका द्यायची. आणि गॅरेजात नेली की सासरी पहिल्यांदा गेलेल्या जावयासारखी गुणी. दोनदा तिला मामांकडे मुक्कामाला ठेवली. पोरांनी दिवसभरात वीस वीस वेळा चालू करून बघितली. एकदाही हूं की चूं केलं नाही, म्हणजे उलट, दर वेळी केलं.

(किल्ली देताना मी जुडग्यातून स्कूटरची तेवढी सोडवून द्यायचो. मामा माणूस लाखात एक, पण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि पाण्याच्या टाकीची किल्ली परक्याच्या हाती देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.)

मामांनी काय केलं नाही? प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून साफ केला. एअर फिल्टर झटकला, मग तोही बदलला. बॅटरीला मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्यानं धुतली आणि "आता बघा" म्हणाले. मी बघितलं. चौथ्या दिवशी, दसरा चौकात, सिग्नलला.

तोवर घरगुती उपचारही सुरू होते. आमच्या वडिलांची टू-स्ट्रोक स्कूटर होती. ती सकाळी चालू होण्याआधी डाव्या कुशीवर घ्यावी लागायची, काही क्षण तशीच धरून परत उभी केली की पेट्रोल उतरायचं म्हणे. प्लग काजळला की काड्यापेटीच्या खरखरीत बाजूवर घासायचा. मी तोच वारसा या स्कूटरवर चालवला. तिला आडवी केली तेव्हा डिकीतून माझा डबा, रेनकोट आणि दोन महिने सापडत नसलेला चष्मा बाहेर पडला. स्कूटर चालू झाली नाही, पण चष्म्याचे पैसे वाचले.

तळमजल्यावरच्या पाटीलकाकांनी पहिल्याच दिवशी निदान करून ठेवलं होतं, "इथेनॉल!" पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी टाकीत खाली बसतं आणि गाडी पाण्यावर चालायला बघते, असा त्यांचा सिद्धांत. पावसाळ्यात तसं होऊही शकतं, मी नाही म्हणत नाही. पण काकांचा स्वतःचा चार एकर ऊस दर वर्षी कारखान्याला जातो. इथेनॉल तिथूनच येतं हे त्यांना सांगायचा मी एकदा प्रयत्न केला, तर म्हणाले, "आमच्या उसाचं तसलं नसतंय."

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र पेट्रोलनंच केली. एका सकाळी गाडी चालू होईना म्हणून बघितलं, तर पेट्रोलचा काटा पार शून्यावर. मला इतका आनंद झाला! रोग सापडला होता, आणि औषध अर्ध्या किलोमीटरवर मिळत होतं. ढकलत पंपावर नेली, "फुल करा" म्हणालो, आणि 30 रुपयांतच नोझल खटकन बंद झालं. पंपावरच्या पोरानं टाकीत डोकावून बघितलं, मग मला बघितलं. "काका, टाकी भरलेलीच हाय की." आदल्या दिवशी बायकोनं भरून आणली होती आणि मला सांगितलं नव्हतं. मी किल्ली काढली, झाकण लावलं, पुन्हा किल्ली लावली तर काटा डौलात वर. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मागे तीन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या आणि मला उजेडापेक्षा तिथून निघणं गरजेचं वाटलं.

बायकोला मात्र हा त्रास कधीच झाला नाही. मंडईत जा, अंबाबाईला जा, माहेरी जा, गाडी तिच्या अर्ध्या वचनात. "अहो, तुम्ही तिच्यावर चिडून बसता," ती म्हणायची. "तिला कळतंय." शेवटी मी वहीत नोंदी ठेवायला लागलो. तारीख, वेळ, पाऊस, पेट्रोल, साइड स्टँड की मेन स्टँड. लेक इंजिनिअरिंगला आहे. तिनं ती वही अर्ध्या तासात कॉम्प्युटरवर चढवली आणि रंगीत तक्ता समोर धरला. "बाबा, पाऊस, पेट्रोल, स्टँड, कशाचाच संबंध लागत नाही. प्रत्येक वेळी कॉमन काय असेल तर तुम्ही."

यावर घरात जे हसणं झालं ते मी लिहीत नाही.

मामाच एका रविवारी घरी आले. पाहुणे म्हणून, चहाला. खाली पार्किंगमध्ये मी माझा जुडगा काढला, किल्ली लावली, बटण दाबलं. शांतता! आयुष्यात पहिल्यांदा गाडी मामांसमोर चालू झाली नाही आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मामा खाली वाकले. लॉक नीट दिसेना म्हणून लोंबणारा जुडगा त्यांनी तळहातावर उचलून धरला. पेट्रोलचा काटा वर आला. हात काढला, काटा खाली. पुन्हा उचलला, वर. तीन वेळा केलं, आणि मग ते काही न बोलता माझा जुडगा मोजायला लागले.

फ्लॅटच्या दोन. कपाटाच्या तीन. गच्चीची, टाकीची, मीटरच्या खोलीची. पितळेची छोटी कोल्हापुरी चप्पल. अंबाबाईचा टाक. नेलकटर. आणि एका सायकलच्या कुलपाची किल्ली, जी सायकल लेक सातवीत असताना चोरीला गेली होती. स्कूटरची किल्ली सोडवून, दारात आलेल्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर बाकीचा जुडगा ठेवला तर भरला 240 ग्रॅम. पाव किलोला 10 कमी.

"एवढं वजन किल्लीला सारखं लोंबतंय," मामा म्हणाले, "खड्ड्याखड्ड्याला हिसका बसतोय. लॉकमधले पॉइंट झिजलेत. वजन खाली ओढलं की करंट तुटतोय. वहिनींची किल्ली दोऱ्यात, म्हणून त्यांना काय होत नाही. आणि माझ्याकडं तुम्ही..." ते पुढं बोलले नाहीत. टाकीच्या किल्लीकडे नुसतं बघितलं.

लेकीनं वर जाऊन शोधून आणलं, की अमेरिकेत 2014 साली लॉकच्या अशाच दोषापायी लाखो मोटारी परत बोलावल्या होत्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत जुडग्यात गाडीच्या किल्लीशिवाय काहीही ठेवू नका असं मालकांना कळवलं होतं. मी म्हटलं, बघा, जगभर होतं हे. बायको म्हणाली, "त्यांच्याकडे पण सेक्रेटरी असतात वाटतं."

मामांनी नवा लॉकसेट बसवला. सीटच्या लॉकसकट. नवी किल्ली आता दोऱ्यात असते, वेगळ्या खिशात, आणि गाडी माझ्याही अर्ध्या वचनात आहे. जुनी किल्ली मामा भंगारात टाकत होते, ती मी मागून घेतली. चांगली किल्ली आहे, कशी टाकायची? जुडग्यात अडकवून ठेवली आहे. परवा मावशी आल्या तेव्हा सहज पुन्हा काट्यावर ठेवून बघितला.

आता बरोबर पाव किलो भरतो.