गेला कुठे?

फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या सूचकाचा, रंग फार वेळ टिकत नाही, हे मी रसायनशास्त्राच्या परीक्षकांना सांगायचं आणि त्यांनी वर मलाच "अभ्यास करून येत जा" म्हणायचं! कालची गोष्ट. डोकं अजून तापलेलंच आहे.

प्रयोग नेहमीचा, टायट्रेशनचा: आम्लात थेंबथेंब अल्कली सोडायचं आणि ते संपायला नेमकं किती लागलं ते मोजायचं. फ्लास्कमध्ये 10 मिली ॲसेटिक ॲसिड, ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीत, 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. दुर्बल आम्ल म्हणतात, पण छळायला भारी. निम्मं संपलं की पीएच 4.76 च्या आसपास रेंगाळतो, हलता हलत नाही. 'निघतो आता' म्हणत दारात अर्धा तास उभा राहणारा पाहुणाच. आणि शेवटी मात्र एका थेंबात उडी. तो थेंब जेमतेम 0.05 मिलीचा. ब्युरेटच्या टोकाला लोंबत होता तेव्हा मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. पडला. फ्लास्क फिरवला, पांढऱ्या टाइलवर ठेवला. फिक्का गुलाबी! हाच एंड पॉइंट, इथंच थांबायचं. चांगला अर्धा मिनिट टिकला. सरांना हाक मारली.

सर पलीकडे कुणाच्या तरी जर्नलला कव्हर का नाही, याचा तपास करत होते. सावकाश आले. तोवर फ्लास्कमध्ये निव्वळ पाणी.

"कुठाय एंड पॉइंट?"

"आला होता, सर."

"मग गेला कुठे?"

"हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो ना सर, पीएच 8.2 च्या खाली आला की रंग जातो."

सरांनी फ्लास्क उजेडाकडे धरला, तिरका केला, चक्क वास घेतला. रंगाचा!

"टाक अजून."

"रीडिंग चुकेल, सर."

"मला शिकवतेस?" म्हणत त्यांनी स्वतःच स्टॉपकॉक फिरवला. थेंब कसले, धारच लागली. फ्लास्क भडक राणी रंगाचा झाला.

"हा बघ एंड पॉइंट!" मग ब्युरेटकडे वाकून, "11.6? फार जास्त आलंय तुझं."

तोंडी परीक्षेत समतुल्य बिंदूचा, म्हणजे आम्लाला पुरेसं अल्कली नेमकं पडतं तिथला, पीएच विचारला. मी 8.7 सांगितला, ॲसिटेट आयन पाण्याशी काय करतो तेही सांगितलं. "उदासीन झालं म्हणजे सातच!" इति सर. सातलाच संपत असतं तर फिनॉल्फ्थॅलिन कशाला वापरतो आपण, हे ओठांवर आलेलं गिळलं. मार्क त्यांच्या हातात.

शेजारच्या टेबलावरच्या पठ्ठ्याचं द्रावण जांभळटच होतं. रीडिंग 10.1, शेरा 'उत्तम'. ते 10.1 त्यानं माझ्या वहीतून उतरवलं होतं, सर यायच्या आधी.