साबुदाण्याच्या डब्यातल्या गोळ्या
तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच, "लॉकडाउनमुळे मुलांना डिप्रेशन आलं हे सगळं फॅड, गोळ्यांची सवय लागते, आजच बंद करा, मोबाईल काढून घ्या, पहाटे पाचला उठवा, एकवीस दिवसांत पोर ठणठणीत." एरवी ग्रुप म्यूट करून सोडून दिलं असतं, पण आमच्या मावशीने तो वाचून मावसबहिणीची डिप्रेशनच्या गोळ्यांची स्ट्रिप थेट साबुदाण्याच्या डब्यात लपवली.

तिसऱ्या दिवशी पोरगी बेसिनपाशी भिंत धरून उभी, गरगरतंय, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणते. आणि मावशी काय म्हणते, बघ, लागलीच होती सवय! अगं बाई, सवय नाही ती. दारूसारखी तलफ येत नाही या गोळ्यांची. शरीर रुळलेलं असतं, एकदम तोडलं की असा त्रास होतो, म्हणून तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवत आणतात. हां, पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीला नीट लक्ष ठेवावं लागतं हे खरंय, पण ते डॉक्टरने आणि घरच्यांनी, साबुदाण्याच्या डब्याने नाही.

आता फॅडचं. युनिसेफने 2021 मध्ये 21 देशांतल्या तरुणांना विचारलं होतं की मनाचा त्रास असेल तर कुणाची मदत घेणं चांगलं का. भारतात हो म्हणणारे फक्त 41 टक्के, बाकी सगळ्या देशांत निम्म्याहून जास्त. फॅड असतं तर पोरं मिरवली असती ना, इथे तर तोंडच उघडत नाहीत. आणि उघडतील कशी? हिची 2021 ची दहावी, परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल 99.95 टक्के, मग लग्नाच्या पंगतीत 'कोरोना बॅच' म्हणून हसलं कोण, आपणच.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही." मधल्या मामाला 'बाहेरचं झालंय' म्हणून वर्षभर अंगारे-धुपारे चालले होते, ते काय होतं मग?

मोबाईलचं अर्धं मान्य. रात्री दोनपर्यंत रील्स बघितल्या की झोपेची वाट लागते, व्यायामानेही बरं वाटतं. पण लॉकडाउनात शाळाच त्या मोबाईलमध्ये भरत होती, तेव्हा तो हातात आपणच दिला ना. आणि सूर्यनमस्कार गोळीसोबत घातले तरी चालतात.

मावशी, आधी तिच्या डॉक्टरांना फोन लाव, परत सुरू कशा करायच्या ते विचार. त्यांनी नाही उचलला तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी सातला पोचतोय.