डब्यावरचा १४ आकडी नंबर म्हणजे औषधाची परवानगी नव्हे

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीनं नऊ दिवस शुगरची गोळी घेतली नाही. उपाशीपोटी साखर २६८ निघाली तेव्हा आम्हाला कळलं. कारण एक फॉरवर्ड: ‘ही हर्बल पावडर सरकारमान्य आहे, एफएसएसएआयचा नंबर आहे. तीन महिन्यांत डायबेटिस मुळापासून जातो. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. चिठ्ठीचा नियम डॉक्टर-कंपन्यांच्या कमाईसाठी आहे, अमेरिकेत असलं काही नाही.’

‘अरे, सरकारी नंबर आहे न त्यावर,’ मावशी म्हणाली. सगळं विष या एका वाक्यात आहे.

एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी खातं. त्याचा तो १४ आकडी नंबर अन्नपदार्थाच्या धंद्याचा परवाना असतो. संत्रा बर्फीच्या डब्यावर असतो, चिवड्याच्या पाकिटावरही असतो. पावडरीनं साखर उतरते की नाही, हे तो परवाना देताना कोणी रुग्णांवर तपासून पाहत नाही. औषधांचा कायदा १९४०चा, अन्नाचा २००६चा, दोन्ही वेगळे. आणि सप्लिमेंटसाठीच्या, म्हणजे अशा पूरक आहाराच्या पावडरी-गोळ्यांसाठीच्या, नियमांप्रमाणे तर डब्यावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरू नये, असं ठळक छापावंच लागतं. मी मावशीचा डबा खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिला. पुढं हिरवं पान आणि मोठ्ठं ‘शुगर कंट्रोल’. ते चार शब्द मागच्या बाजूला, बारकोडखाली, तांदळाच्या कणीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. वर डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे ज्याला ‘सरकारमान्य’ म्हणता, त्या दाव्यालाच सरकारनं सत्तर वर्षांपूर्वी बंदी घातली आहे.

नैसर्गिक? धोतराही नैसर्गिकच आहे. शिवाय अशा पावडरींत शुगरची अ‍ॅलोपॅथी गोळी कुटून मिसळल्याची प्रकरणं देशात आणि बाहेरही सापडली आहेत.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथं मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पूर्वपरवानगी न घेता विकता येतात ती सप्लिमेंट, १९९४च्या कायद्यामुळं. ती गुणकारी असल्याचं त्यानं सिद्ध होत नाही.

एक मान्य करतो. डॉक्टरची फी जड जाते, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत अर्धा दिवस जातो, कंपन्या नफा कमावतात आणि चिठ्ठीची औषधं आपल्याकडं दुकानात सर्रास विनाचिठ्ठी मिळतात. पण मावशीचा डबा १,४०० रुपयांचा होता आणि जनऔषधी केंद्रातून तिच्या महिनाभराच्या गोळ्या शंभराच्या आत येतात. मग गरिबाची लूट नेमकी कोण करतंय?

मावशीनं डॉक्टरांना विचारून परवापासून गोळी परत सुरू केली. डब्याचे दोन्ही बाजूंचे फोटो लावून मी तक्रार टाकली आहे. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी तो ग्रुपवरून काढला, पण तोवर त्यांनीच तो आणखी चार ग्रुपवर टाकला होता.